भय, हास्य आणि करुणा : अल्पखर्ची भूतपटाचा एक नैतिक प्रश्न

विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त हास्यरसाचे दोन विरोधी रस सांगितले आहेत : भयानक आणि करुण. विनोदी भूतपट यांपैकी पहिल्या विरोधकाला उघडपणे हास्याच्या शेजारी बसवतो. हे कलेच्या दृष्टीने कसे साधते, हा प्रश्न तुलनेने सोपा आहे. भ्यालेल्या माणसाला पाहून हसणारा प्रेक्षक नेमका कोणाला हसतो, हा नैतिक प्रश्न मात्र सहसा अनुच्चारितच राहतो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर भरताकडे सापडते. भयानकाच्या तीन प्रकारांत त्याने व्याजजन्य, म्हणजे सोंगातून उद्भवणारे भय गणले आहे. महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’ (१९९३) मधील भय या जातीचे आहे. कल्पना हॉलिवूडच्या ‘चाइल्ड्स प्ले’ची (१९८८), परंतु तात्या विंचूचा बाहुला रामदास पाध्ये यांच्या बोलक्या बाहुल्यांच्या कुळातला. बाहुल्यामागचा हात पुरता लपत नाही, आणि लपत नाही म्हणूनच भय हास्यात परिणत होते. साधनांचे दारिद्र्य येथे निव्वळ उणीव नसते. सोंग हे सोंगच आहे, याची ती कबुली असते.

तथापि ही कबुली सर्वांना सारखीच ऐकू येते असे नाही. नागपुरातील कळमन्याच्या बाजार आवारात मालाजवळ रात्र काढणारा हमाल आणि विद्यापीठातला समीक्षक एकाच प्रसंगाला हसतील. पण एकाचे हसणे स्वतःच्या भयावर मात करणारे असू शकते, तर दुसऱ्याचे त्या भयालाच तुच्छ लेखणारे. आणि हे भय निरुपद्रवी नाही. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत भूत उतरवण्याच्या बहाण्याने बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे यांचा समावेश आहे. हा छळ सोसतो तो झपाटलेला ठरवला गेलेला माणूस. ‘पछाडलेला’ (२००४) मध्ये अंगात भूत आलेल्या तरुणाच्या चाळ्यांवर हशा पिकतो, तेव्हा हास्याचा रोख नेमका या देहाकडे वळतो.

विवेकवादी आक्षेप याहून मूलगामी आहे. ‘झपाटलेला’त मंत्र खरोखरच फळतो, तेव्हा असा चित्रपट अंधश्रद्धेला खतपाणीच घालत नाही काय? हा आक्षेप पूर्णपणे खोडता येत नाही. मात्र त्याच कथेत लक्ष्याचे म्हणणे कोणी खरे मानत नाही. तो हास्यास्पद ठरतो, पण खोटा नसतो. आणि सत्य ठाऊक असलेला प्रेक्षक हसता हसता त्याच्याच बाजूला उभा राहतो. विनोदी भूतपट विवेकाचा सहकारी होईलच असे नाही. भ्यालेल्याचा सोबती मात्र तो होऊ शकतो. त्यासाठी विश्वनाथाने सांगितलेल्या दुसऱ्या विरोधकालाही, करुणालाही, त्याने हास्याच्या पंक्तीला बसवले पाहिजे. भयानकाला हास्याशी नांदवणे हे कौशल्याचे काम आहे; करुणाला नांदवणे ही नीतीची कसोटी आहे, आणि तिला खर्च फारसा लागत नाही.