परसातली आजारी कोंबडी आणि आपली सेवा



परसातली कोंबडी पिसं फुगवून, मान टाकून कोपऱ्यात बसली की घरात कोणीतरी म्हणतंच, "आता अंडी देत नाही, औषधाला पैसे कशाला? विकून टाका." जिची अंडी आपण रोज उचलली, तिचं मोल फक्त बाजारभावाने ठरवायचं का?

कोंबडी दुखणं लपवते, कारण कमजोर दिसली की बाकीच्या टोचतात. आपल्याला कळेपर्यंत दुखणं बळावलेलं असतं. तिला वेगळी ठेवा, ऊब द्या, पाणी चोचीजवळ ठेवा, गुरांच्या डॉक्टरांना दाखवा. मानमोडीवर औषध नाही, लस आधीच द्यावी लागते. वाचणार नसली तरी सेवा वाया जात नाही. हाल थांबत नसतील तर डॉक्टरांच्या हातून तिची सुटका करणं हीही दयाच.

पण आजारी कोंबडी विकू नका. ते चार पैसे म्हणजे दुसऱ्याच्या खुराड्यात धाडलेला रोग. मेली तर ओढ्यात न फेकता खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा.

घरातली मुलं हे सगळं बघत असतात. ज्याच्याकडून आता काही मिळणार नाही त्याच्याशी कसं वागायचं, ते इथूनच शिकतात. उद्या म्हातारे आपणच होणार आहोत.

जय गुरुदेव 🙏