अनेक कामांचे एक हत्यार आणि कर्तेपणाचा प्रश्न

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत हात आणि हत्यार यांचे नाते बदलते. पोटावर साधारण ५ ते १२ मिलिमीटरची छिद्रे पाडून त्यांतून लांब दांड्यांची हत्यारे आत सोडतात. छिद्र टेकूसारखे काम करते, त्यामुळे हात उजवीकडे गेला की टोक डावीकडे वळते. बोटांना मऊ-कठीण फारसे कळत नाही. डोळे पडद्यावर असतात. चिमटा, कात्री, रक्त थांबवणारे हत्यार अशी अदलाबदल सतत करावी लागली तर वेळ जातो, आणि आत शिरणारे प्रत्येक टोक इजाही करू शकते. म्हणून पकडणे, रक्तवाहिनी मिटवणे आणि कापणे ही तिन्ही कामे एकाच दांड्यात आली.

मग काम कोणी केले, हाताने की हत्याराने? सुश्रुतसंहिता १०१ यंत्रे सांगते, पण त्यांत प्रधान मानते हातालाच, कारण बाकी सारी यंत्रे त्याच्या अधीन. तिच्यातल्या २० नाडीयंत्रांचे, म्हणजे नळीसारख्या हत्यारांचे, उपयोगही अनेक: आतला रोग पाहणे, रुतलेले शल्य काढणे, चोखून घेणे. (एवढ्यावरून दुर्बिणीची शस्त्रक्रिया आपल्याकडे पूर्वीच होती असे म्हणणे मात्र उथळपणाचे.) गीतेचा अठरावा अध्याय कर्माला पाच कारणे देतो: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. भाष्यकार तिथे करण म्हणजे इंद्रिये घेतात. तो अर्थ हत्यारापर्यंत ताणला तरी करण कर्त्याहून निराळेच राहते.

परभणी जिल्ह्यातील गंगाखेडच्या संत जनाबाईची परंपरा याच प्रश्नाला दुसरीकडून भिडते. जनी दळते तेव्हा विठ्ठल जात्याला हात लावतो. खुंटा एक, हात दोघांचे. दळण झाले त्याचे श्रेय जनी स्वतःकडे घेत नाही. पण दळायला ती बसतेच. भक्तीत सुटतो तो ‘मी केले’ हा अभिमान. अंगावर घेतलेले काम सुटत नाही. ‘यंत्राने कापले’ असे म्हणणारा सर्जन मात्र नेमके ते कामच टाकतो.

कर्ता आणि करण यांतला हा भेद हत्याराच्या रचनेतही उतरतो. हत्यार बदलताना क्षणभर थांबावे लागे, आणि त्या थांबण्यात विचाराला जागा होती. कामे एकत्र आली की ती जागा मुद्दाम ठेवावी लागते. विजेच्या उष्णतेने रक्तवाहिनी मिटवणाऱ्या काही हत्यारांत मिटवण्याचे बटण वेगळे आणि पाते पुढे सरकवण्याचा खटका वेगळा असतो. वाहिनी मिटल्याची खूण मिळाल्यावरच सर्जन खटका ओढतो. ध्वनिलहरींच्या कात्रीत मात्र कापणे आणि रक्त थांबवणे एकदमच होते, म्हणून थांबण्याची जागा सर्जनलाच ठेवावी लागते. तिचे पाते वापरानंतरही काही सेकंद तापलेले राहते, आणि लगेच त्याच टोकाने आतडे धरले तर ते भाजते.