जपलेलं आणि पुसलेलं

बेलापुरात, प्रवरेच्या काठाकडे उतरणाऱ्या एका गल्लीत, पडवीत सतरंजी टाकून एक गुरुजी गाणं शिकवत. तरुणपणी त्यांनी आसपासच्या गावांत भजनाला पेटी वाजवली होती. शिष्य फार नव्हते. शेतकऱ्यांच्या पोरांची फी ते उसाचं पेमेंट झाल्यावर घेत आणि कधीकधी घ्यायचं विसरूनही जात.

त्यांच्याकडे एक मुलगी येई आणि एक मुलगा येई. मुलगी गावातलीच, दुकानदाराची. मुलगा वस्तीवरचा, सायकलवर येणारा. दोघांचे अलंकार झाले, भूप झाला, यमन झाला, आणि मग गुरुजींनी भैरव काढला.

मुलीचं अक्षर सुरेख होतं. गुरुजी गात आणि ती लिहून घेई. भातखंड्यांच्या पद्धतीप्रमाणे कोमल स्वराखाली आडवी रेघ, मंद्राला खाली टिंब, तारला वर टिंब, मींड असेल तिथे स्वरांच्या डोक्यावर कमान. घरी जाऊन तिनं वहीवरून भैरव बसवला आणि रविवारी येऊन म्हणून दाखवला. गुरुजींनी शेवटपर्यंत ऐकला.

"रेघ बरोबर ओढलीस," ते म्हणाले. "रे नाही आला."

"पण गुरुजी, कोमलच लावला मी."

"कोमल लागला. डोलला नाही. भैरवातला रे खांबासारखा उभा राहत नाही. तो किती हलतो, हे कागदावर कसं काढायचं?" मग ते हसले. "बेलापूर स्टेशन कुठंय गं?"

"श्रीरामपुरात."

"मग? स्टेशनवरची पाटी वाचून उतरलेला माणूस आपल्या गावात पोचला का? वहीतला रे म्हणजे ती पाटी. तिथून पुढं रिक्षा करावी लागते."

मुलगी जरा घुटमळली. मग म्हणाली, "रिक्षा म्हणून फोनवर रेकॉर्ड करू का?"

"कर की."

गुरुजींनी पेटी बाजूला सारली. पेटीवर पट्टी दाबली की एकच ठाम आवाज निघतो; तो डोलत नाही, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत नाही. त्यांनी तानपुरा लावला, म्हणजे फोनमधलाच, आणि 'म'वरून हळूच 'रे'वर उतरून तिथे थांबले. मुलीनं फोन पुढे धरला. मुलानंही धरला.

मुलीनं वही टॅबवर उतरवली. जिथे कमान होती तिथे गुरुजींचा आवाज लावला. सुरुवातीला तिनं नुसती लिंक दिली होती. आवाज राहिला व्हॉट्सअ‍ॅपच्या फोल्डरमध्ये. भावानं जागा करायला ते फोल्डर साफ केलं आणि वहीत नुसते त्रिकोण उरले, कितीही दाबले तरी गप्प. तेव्हा तिला कळलं की आवाज त्या पानातच घालायचा असतो, म्हणजे पान जाईल तिथे तोही जातो. गुरुजींकडून तिनं सगळं पुन्हा गाऊन घेतलं. या वेळी मोठं रेकॉर्डिंग ठेवलं नाही. एक ओळ, एक क्लिप. ओळीवर बोट ठेवलं की तेवढीच ओळ वाजे. तारीख, राग, ताल, सगळं लिहिलेलं. महिन्याभरात वही अशी सजली की तिच्या मैत्रिणी नुसती बघायला येत.

मुलाकडे वडिलांचा जुना फोन होता. त्यात उसाच्या पावत्यांचे फोटो आणि लग्नांचे व्हिडिओ. मोकळी जागा नव्हतीच. न दाबलेलं, सीडीच्या प्रतीचं रेकॉर्डिंग मिनिटाला दहा एमबी खातं. दाबून ठेवलं तर एक एमबीत भागतं. मुलगा दाबून ठेवी, तरी दोन-चार क्लिपांच्या पुढे फोन कुरकुरे. मग त्यानं आपली रीत काढली. गुरुजींची एक ओळ फोनमधल्या वहीच्या पानात घालायची. पहाटे मोटर चालू करायला गेलं की विहिरीपाशी ती घोकायची. स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून गुरुजींच्या क्लिपखाली लावायचा. वरचा ऐकायचा, खालचा ऐकायचा. दोन्ही जुळले की दोन्ही पुसायचे आणि नवी ओळ घ्यायची.

एका रविवारी गुरुजी म्हणाले, "फोन बाजूला ठेवा आणि भैरव म्हणा."

मुलाची वही रिकामी होती. त्यानं म्हटला. रे डोलला, जेवढा डोलावा तेवढाच.

मुलीची वही भरलेली होती. ती दुसऱ्या ओळीवर थांबली आणि तिचं बोट आपोआप टॅबकडे गेलं. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"म्हणजे रेकॉर्ड करणं वाईटच का गुरुजी?"

गुरुजींनी लगेच उत्तर दिलं नाही. चहा आला, तो झाला. मग त्यांनी गोष्ट सांगितली.

"गदगच्या एका पोरानं अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी ऐकली. झिंझोटीतली ठुमरी. त्या तबकड्या तीन-साडेतीन मिनिटांत संपायच्या. आपल्याला असं गाता यायला हवं, म्हणून ते पोर 1933 साली घर सोडून निघालं. वय वर्षं 11. उत्तरेत कुठंकुठं फिरलं आणि शेवटी कुंदगोळला सवाई गंधर्वांच्या दारात येऊन ठेपलं. ते शिष्य त्याच खाँसाहेबांचे. पोराचं नाव भीमसेन जोशी. आता तबकडीनं त्याला गाणं शिकवलं का? नाही. तबकडीनं त्याला घराबाहेर काढलं. पण तबकडी नसती तर तो निघाला असता का, तेही मला सांगता यायचं नाही."

मुलगी घरी गेली. तिनंही गुरुजींच्या प्रत्येक क्लिपखाली स्वतःची क्लिप लावायला सुरुवात केली. स्वतःचा आवाज ऐकणं तिला आवडेना. तरी ती ऐकत राहिली. गळ्यात बसलेल्या ओळी पुसायला मात्र तिचा हात होईना.

त्या पावसाळ्यात गुरुजींचा घसा बसला. औषधं झाली, नगरला जाऊन तपासण्या झाल्या. बोलणं परत आलं, गाणं आलं नाही.

कोजागरीनंतर देवळात काकडा सुरू झाला. भैरवातल्या एका प्रभातीची जुनी चाल गुरुजी दर वर्षी म्हणत. ती त्यांना त्यांच्या गुरूंकडून मिळाली होती आणि छापील पुस्तकात कुठेच नव्हती. दोन्ही शिष्यांना त्यांनी ती उन्हाळ्यात दिली होती. या वर्षी मंडळींनी मुलाला पुढे बसवलं. त्याचा आवाज पहाटेच्या गारव्यातही मोकळा लागला. लोक खूश झाले. गुरुजी कोपऱ्यात खांबाला टेकून बसले होते. शेवटच्या वळणावर त्यांनी मान हलवली, आडवी.

काकडा झाल्यावर मुलगा त्यांच्याजवळ आला. "कुठं चुकलं?"

गुरुजींनी गाऊन दाखवायला तोंड उघडलं आणि नुसती खरखर निघाली. त्यांनी हातानं वळण काढून दाखवलं. मुलानं म्हटलं. तसं नाही. पुन्हा म्हटलं. तसंही नाही. क्लिप तर त्यानं आषाढातच पुसली होती.

मुलीनं पिशवीतून टॅब काढला, पान उघडलं, ओळीवर बोट ठेवलं.

देवळाच्या ओट्यावर गुरुजींचा उन्हाळ्यातला आवाज लागला. मुलगा ऐकत राहिला. मूळ चालीत शेवटी धैवतावर जाऊन, तिथे डोलून, मग पंचमावर यायचं होतं. तो सरळ पंचमावर येत होता. गळ्याला सोपं तेवढं गळ्यानं ठेवलं होतं आणि अवघड ते हळूच सोडून दिलं होतं. त्याला स्वतःला पत्ताही नव्हता.

मुलीनं ती ओळ पुन्हा वाजवली. मुलानं म्हटली. गुरुजी बोटानं थांबवत राहिले. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. उजाडलं, लोक दर्शनाला यायला लागले, झाडणारी बाई कुंचा घेऊन बाजूला उभी राहिली, तरी तिघं उठले नाहीत.

दोघांत शहाणं कोण, असं पुढे गावात कुणी कुणी विचारत. खरं तर तो प्रश्नच अपुरा आहे. त्या पहाटे एकट्या क्लिपनं काकडा उभा राहिला नसता. टॅबमागे टाळ धरून कोण म्हणणार? आणि एकटा गळा दोन-चार वर्षांत आपल्या सोयीची चाल करून बसला असता, आणि तीच जुनी म्हणून पुढे गेली असती. पुसणाऱ्याला जपणारीची गरज लागली, जपणारीला पुसणाऱ्याची आधीच लागली होती.

पुढच्या रविवारी गुरुजींनी टॅब मागून घेतला आणि चष्मा लावून पान वाचलं.

"यावर पट्टी लिहिली नाहीस. हे काळी एकमध्ये आहे, लिही. आणि पुढं शिकणाऱ्या पोरींना ही पट्टी झेपायची नाही. त्या खाली ओढत जातील आणि खाली गेल्यावर त्यांचा रे हलायचा नाही. त्यांच्यासाठी तुझ्या पट्टीत गाऊन घाल."

"माझा आवाज? तुमच्या शेजारी?"

"शेजारी नाही, खाली घाल. तिथंच तर घालतेस रोज."

मुलीनं विचार केला. "पण मग मला आधी न बघता यायला हवं."

"हो तर," गुरुजी म्हणाले. "काळी चार लाव."