माउली म्हणावे, तर आसराही द्यावा

वारकरी सज्जनहो, श्रीगोंद्यास शेख महंमद महाराजांच्या समाधीपुढे आपण माथा टेकतो आणि शेजारच्याला 'माउली' म्हणून त्याच्या पाया पडतो. पण बाहेर एस. टी. स्टँडावर, अंगावर चिंध्या, स्वतःचे नावही विसरलेली बाई दिसली, की आपण बाजूने निघून जातो. ती माउली नव्हे काय?

आपल्याच नगर जिल्ह्यातील डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे हे होमिओपॅथीचे डॉक्टर दांपत्य. रस्त्यावरच्या भुकेल्या माणसांना ते प्रथम जेवण वाटू लागले. १९९८ मध्ये माउली सेवा प्रतिष्ठान निघाले. पण डबा दिला तरी रात्र उरतेच, आणि निराधार बाईला रात्र वैऱ्याची. म्हणून शिंगवे नाईक येथे अशा मनोरुग्ण, बेघर स्त्रियांसाठी त्यांनी घर उभारले. डॉक्टरकी सुटली नाही. रोगी मात्र असे आले, की ज्यांच्यापाशी फी नाही नि पत्ताही नाही.

तुम्ही म्हणाल, "आम्ही प्रपंची, आम्हांला धंदा सोडून कसे जमेल?" शेती करणारे डेबूजी १९०५ मध्ये घर सोडून निघाले. ते गाडगेबाबा झाले नि पंढरीत दुसऱ्यांसाठी धर्मशाळा बांधून गेले. साऱ्यांना तेवढे साधत नाही. पण बाबांनो, सुताराने दार बसवावे, शिंप्याने लुगडे शिवावे, मास्तराने हरवलेल्याचे गाव शोधून पत्र लिहावे. धंदा तोच, धनी तेवढा बदलावा.

मग तोंडचा 'माउली' शब्द खरा होईल. रामकृष्ण हरि!