न दिसणारा चट्टा

1951 साली वर्ध्यात गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन सुरू झालं, त्या काळात कुष्ठरोगी आपण होऊन दवाखान्यात जायला धजत नसे. गेला की गावभर बोभाटा. म्हणून फाउंडेशननं दवाखानाच दाराशी नेला. थोडं प्रशिक्षण घेतलेले साधे कार्यकर्ते घरोघर जात, बधिर चट्टा ओळखत, घरच्यांना रोग समजावून सांगत आणि डॅप्सोनच्या गोळ्या गावातच देत. पाहणी, शिक्षण, उपचार अशी ही रीत पुढे सरकारनं देशाच्या कुष्ठरोग कार्यक्रमात उचलली.

मनाच्या आजारासाठी वर्धा आज त्याच रस्त्यावर आहे. 2015 साली राज्याचा ‘प्रेरणा’ प्रकल्प शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या 14 जिल्ह्यांत आला, त्यात वर्धाही होता. झोप लागते का, कामात मन लागतं का, जगणं नकोसं वाटतं का, हे विचारायचं काम गावातल्या आशा स्वयंसेविकांकडे, म्हणजे आशाताईंकडे आलं. त्या गरोदर सुनेसाठी येतात, बाळाच्या लसीसाठी येतात. त्या दारात दिसल्या म्हणून शेजारीपाजारी कुजबुजत नाहीत. ही सोय मोठ्या डॉक्टरलाही नाही.

पण चट्टा निदान डोळ्यांना दिसत होता. इथं विचारल्याशिवाय काहीच कळत नाही, आणि विचारणं शिकावं लागतं. ‘एवढं मनावर घेऊ नका’ हे आपल्या तोंडी आधीच तयार असतं. ते गिळून समोरच्याचं ऐकत राहणं, हा प्रशिक्षणाचा सगळ्यात अवघड भाग असावा. मरायचे विचार येतात का, असं थेट विचारलं तर आपणच ते डोक्यात भरवू, ही भीतीही बहुतेकांना असते. अभ्यास सांगतात की विचारल्यानं ते विचार वाढत नाहीत.

शेजारच्या अमरावती जिल्ह्यात 30 गावांत ‘विश्राम’ नावाचा उपक्रम झाला. गावपातळीवरचे कार्यकर्ते, समुपदेशक आणि गरज पडेल तिथं मनोविकारतज्ज्ञ. त्याचे निष्कर्ष 2017 साली ‘लॅन्सेट सायकियाट्री’त आले. नैराश्य असलेल्या शंभरांपैकी आधी जेमतेम 4 जण उपचारापर्यंत पोचत होते, दीड वर्षानं 27. आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचं प्रमाण 5.2 टक्क्यांवरून 2.5 वर उतरलं. उरलेले 73 कुठं राहिले, हाही प्रश्न आहेच.

त्यांतले बरेचसे घरातच अडत असतील, असं मला वाटतं. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे जातात. आठव्या दिवशी सासू म्हणते, काही फरक नाही, आणि पाकीट फडताळात जातं. महिन्यानं बरं वाटू लागलं की नवरा म्हणतो, आता कशाला गोळ्या? यात दुष्टपणा नाही. त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. कपाशीवर फवारायचं विष कोठीत उघडं असतं, ते कुलपात ठेवून किल्ली दुसऱ्याकडे द्यावी, हेही घरच्यांना सांगायला हवं. टोकाचा विचार पुष्कळदा थोड्याच वेळाचा असतो. तेवढ्यात विष हाताशी आलं नाही तर माणूस वाचू शकतो.

कुष्ठरोगाच्या कार्यकर्त्याचं तेच एक काम होतं आणि त्याला पगार होता. आशाताईंच्या पिशवीत गरोदर बायांची, लसीकरणाची, क्षयरोगाची अशी किती कामं, आणि पुष्कळसा मोबदला कामागणिक. कुणाच्या ओट्यावर अर्धा तास ऐकत बसणं कोणत्या रकान्यात भरायचं? त्या अर्ध्या तासाचे पैसे ठरावेत आणि ताईंनी पाठवलेल्या माणसाला तालुक्याला त्याच आठवड्यात डॉक्टर भेटावा, एवढं सरकारकडे मागायला हवं. तोवर मनाच्या त्रासात बोलण्यासाठी टेलि-मानस या सरकारी मदतवाहिनीचा 14416 हा मोफत नंबर रात्री-बेरात्रीही चालतो. तो आज घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.