दिव्याने किती खरं बोलावं?

माझ्या कॅबिनेटला हार्ड डिस्कचा दिवा नव्हता, म्हणून घरीच केला. एक लाल एलईडी, 330 ओहमचा रेझिस्टर, थोडं सोल्डरिंग. अडलं वेगळ्याच ठिकाणी: दिव्याला बातमी द्यायची कोणी?

लिनक्सचा कर्नल डिस्कवरचं वाचन-लेखन मोजत असतो. आकडा वाढला की प्रोग्राम दिवा लावेल. पण कॉम्प्युटर गोठला की प्रोग्रामही गोठणार. म्हणजे साक्षीची गरज असते नेमकी तेव्हाच साक्षीदार गप्प! त्यापेक्षा साटा पॉवर कनेक्टरची 11 नंबरची पिन बरी. बऱ्याच डिस्क काम करताना ती स्वतःच खाली खेचतात. ऐकीव काही नाही. मी तीच घेतली.

तरी गोची राहिलीच. एखादं वाचन काही मिलिसेकंदांत संपतं, तेवढी लुकलुक नजरेतून सहज सुटते. म्हणून मध्ये सर्किट घालून प्रत्येक लुकलुक 50 मिलिसेकंदांपर्यंत ताणली. आता निवांत असलेली डिस्कही घाम गाळतेय असं वाटतं. हे खोटं झालं का? मला नाही वाटत. काहीच घडलं नसताना दिवा लागला, तर ते खोटं. पण ताणण्यालाही मर्यादा हवी. दोन सेकंद ताणला तर तो कायम पेटलेलाच राहील, आणि मग त्याच्याकडे बघायचं कशाला?

बाबांचे सगळे जुने फोटो त्याच डिस्कवर आहेत. लाल दिसलं की ते पीसी बंद करायचे थांबतात. आत बॅकअप चाललाय की रॅन्समवेअर, हे दिवा त्यांना सांगत नाही. 50 चे 20 करून बघायचंय, पण बाबांना ते दिसायला हवं.