जनाची आणि मनाची

‘जनाची नाही, तर मनाची तरी ठेव!’ असे जुनी माणसे म्हणत. कन्नडात लाजेला ‘नाचिके’ म्हणतात. आपल्या सीमाभागातल्या पोरांना दोन्ही भाषांत बोलणी बसत. आता मात्र दोन्ही लाजा एकदमच सुटल्या की काय, अशी शंका येते.

ख्रिस्तपूर्व आठव्या शतकात यशया संदेष्ट्याने यरुशलेमला हेच सुनावले. लोक पाप करतात एवढेच त्याचे गाऱ्हाणे नव्हते. सदोमप्रमाणे ते पाप लपवीतही नाहीत, ही त्याची व्यथा होती. त्याचे भाकीत म्हणजे ज्योतिष नव्हे. अन्नपाणी तुटेल, शेजारी शेजाऱ्याला छळील, अंगावर धड वस्त्र असलेल्याला लोक पुढारी व्हायला विनवतील, तर तोही नको म्हणेल. हे अरिष्ट त्यांनी स्वतःच ओढवून घेतले, असे तो सांगतो.

आपल्याच जिल्ह्यात पाहा. 2010 साली अंकोला तालुक्यातील बेलेकेरी बंदरात वनखात्याने सुमारे 5 लाख टन लोहखनिज जप्त केले. त्यातले बरेचसे पुढे जहाजांनी परदेशी गेले! एवढे खनिज कोणी पदराखाली झाकून नेत नाही. उलट, कारवाई करणाऱ्या वनाधिकाऱ्याच्याच निलंबनाचा घाट घातला गेला आणि लोकायुक्त संतोष हेगडे यांनी राजीनामा दिला; तो त्यांनी नंतर मागे घेतला. पाप उघड्यावर आले की लपण्याची पाळी सज्जनावर येते. यशयाचे भाकीत खरे ठरते ते असे.

कोणी म्हणेल, ‘ढोंगापेक्षा उघडपणा बरा.’ पण चोरून पाप करणारा निदान नियम मान्य करतो. त्याला परतीची वाट असते.

मात्र लोकलज्जा हीच नीती नव्हे. पंडिता रमाबाईंनी 1883 साली उघडपणे ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा समाजाने त्यांना निर्लज्ज ठरवले. त्याच रमाबाईंनी पुढे हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणले. मग पाप ओळखावे कसे? यशयाची कसोटी सोपी आहे: गरिबाची लूट तुमच्या घरात आहे काय?

परीक्षेत कॉपी करताना सापडलेला मुलगा पूर्वी मान खाली घाली. अलीकडे एका मुलाने मला विचारले, “सर, सगळेच करतात, मग मीच का?” मी त्याला शिक्षा केली, पण उत्तर त्याला नव्हे, आपल्याला द्यायचे आहे. दिवाळीत दारात पणती लावताना तेवढे तरी आठवावे.